बिशपचा जिना

नेड्रा स्टब्स एकाहत्तर वर्षांची आहे आणि कॉफी पिते. मोआब गावात, आमच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतात. पहिली कौतुकाने, दुसरी आवाज खाली आणून. आपल्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक आहे. तरी दर रविवारी ती चर्चच्या आवारात जीपच्या बॉनेटला टेकून थर्मास रिकामा करते आणि मग आत येऊन पुढच्या बाकावर बसते. बिशपने एकदा हळूच विषय काढला होता. ती म्हणाली, "तुमचं भाषण संपेपर्यंत जागी असते ना मी? मग."

तिचा नवरा ऑरिन फेब्रुवारीत गेला. मार्चमध्ये तिच्या मुलाने, डेल्विनने, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. एप्रिलमध्ये तो तिची शिडी घेऊन गेला. मे महिन्यात चर्चमधून निघताना ती जीपसकट पाटात उतरली, तेव्हापासून त्याचा डोळा जीपच्या किल्लीवर आहे.

"पाट तिथे नव्हताच आधी," असं नेड्राचं म्हणणं. पाट तिच्या आजोबांनी खणलेला आहे.

दर ऑक्टोबरमध्ये आमच्या आठ गाड्या तीन दिवसांसाठी लाल पठारावर जातात. सडक सोडायची, खडकांवरून गाड्या न्यायच्या, दोन रात्री तंबूत काढायच्या. चाळीस वर्षं पहिली गाडी ऑरिन आणि नेड्राची. या वर्षी डेल्विनने परस्पर ठरवून टाकलं की आईने त्याच्या गाडीत मागे बसायचं आणि तिन्ही दिवस स्वयंपाकाचं बघायचं. तिच्या हातचं खाऊ घालण्याचा मान, असं त्याने ते सांगितलं होतं.

सकाळी सात वाजता आम्ही मातीच्या रस्त्याच्या तोंडाशी पोचलो, तर नेड्राची जुनी हिरवी जीप सगळ्यांच्या आधी तिथे उभी. ती गुडघ्यावर बसून टायरमधली हवा काढत होती. खडकावर घट्ट टायर घसरतात, म्हणून इथे सगळेच हवा कमी करतात. बाकीचे मापाचं यंत्र लावून बघतात. ती टायरला कान लावते.

"आई, हे काय?" डेल्विन गाडीतून उतरायच्या आधीच ओरडला.

"हवा सोडतेय. तूही सोड जरा."

माझ्या नवऱ्याला अशा रस्त्यांवर उलट्या होतात, त्यामुळे मी दरवर्षी कुणाच्या तरी शेजारी बसते. त्या दिवशी मी सरळ नेड्राशेजारी जाऊन बसले. डेल्विनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पळवून आणली होती.

पहिला दिवस बरा गेला. तिने गाडी नीट चालवली. हळू, पण नीट. दर वळणावर डेल्विन वायरलेसवरून "आई, डावीकडे बघ, आई, ब्रेक," असं सांगत राहिला. दुपारी तिने आवाजाचं बटण पिळून शून्यावर आणलं आणि मला म्हणाली, "बिघडलंय वाटतं."

संध्याकाळी खडकाच्या आडोशाला तंबू लागले. डेल्विनची बायको शॅलीन हिने मोठं झाकणाचं भांडं आणून मधोमध ठेवलं. आत किसलेला बटाटा, वर चीज, त्यावर चुरा. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी हाच प्रकार पोचवतात.

नेड्राने झाकण उचलून पाहिलं. "हे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी. सोपं पडतं ना," शॅलीन म्हणाली.

"ऑरिन गेला तेव्हा अशी अकरा भांडी आली होती घरी. मी गेल्यावर बारावं तू आण. आज मी सूप करतेय."

शॅलीनचा चेहरा पडला. मग तिलाच हसू आलं. तिने भांडं उचललं आणि पलीकडच्या तंबूवाल्यांना देऊन टाकलं. डेल्विन मात्र हसला नाही. तो आईसमोर उकिडवा बसला.

"उद्या बिशपचा जिना आहे," तो म्हणाला.

बिशपचा जिना म्हणजे ओळीने तीन दगडी पायऱ्या, प्रत्येक मांडीइतकी उंच. पूर्वीच्या एका बिशपने आयुष्यातली पहिली शिवी तिथे दिली, म्हणून ते नाव. पठारावर पुढे जायला दुसरा रस्ता नाही. तिथे प्रत्येकाला तीन वेळा प्रयत्न करू देतात. तिसऱ्यांदाही नाही जमलं, की गाडीची केबल वरच्या खडकाला अडकवून ओढून घेतात. ओढून घेतलेला चालक पुढचा प्रवास शेजारच्या सीटवरून करतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी मोडलेलं नाही.

"ठाऊक आहे मला कुठे काय आहे," नेड्रा म्हणाली.

"वर बाबा उभे नसतील या वेळी. खुणा कोण करणार?"

"तू कर."

"आणि केबल लावावी लागली, तर किल्ली माझी. फक्त या सहलीपुरती नाही. कायमची."

नेड्रा सूप ढवळत राहिली.

"बरं. आणि मी चढले, तर हा विषय पुन्हा माझ्या घरात निघणार नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर नाही, तुझ्या बहिणींच्या फोनवर नाही. शिडीही परत पाहिजे मला."

"शिडीचा काय संबंध?"

"छपराच्या पन्हळी साफ करायच्या आहेत. हो म्हण, नाही तर सूप मिळणार नाही."

तो हो म्हणाला.

सकाळी जिन्यासमोर पोचलो तेव्हा ऊन अगदी तोंडावर येत होतं. कोलोरॅडोकडच्या चार-पाच तरुणांच्या गाड्या आमच्या मागे येऊन थांबल्या. छातीइतके उंच टायर, पुढे दिव्यांच्या माळा. डेल्विन वर जाऊन बाप उभा राहायचा त्याच जागी उभा राहिला आणि बापासारखेच दोन्ही हात हवेत धरले.

तो दाखवत होता तशी नेड्रा डाव्या कडेने गेली. पुढची चाकं पायरीला लागली, जीपने नाक वर केलं आणि धप्पकन खाली आली.

"एक!" मागून कुणीतरी मोजलं.

दुसऱ्यांदा तिने जरा जोर लावला. मागचं चाक गरगर फिरलं, जळक्या रबराचा वास आला आणि इंजिन बंद पडलं. माझ्या तोंडातून देवाचं नाव निघालं.

"मोठ्याने घे," नेड्रा म्हणाली, "त्यालाही ऐकू जाऊ दे." आणि दार उघडून खाली उतरली.

डेल्विन उतरून आला. आवाज मऊ होता त्याचा. "आई, पुरे ना आता. गाडी बाबांच्याच वाटेवर घातलीस, तरी नाही जमलं. मी केबल लावतो. कुणी काही म्हणणार नाही."

ती त्याच्याकडे न बघता पायरीच्या पायथ्याशी वाकली. तिथली खडी जुलैच्या पुराने वाहून गेली होती. पायरी आता मांडीइतकी नव्हती, कमरेइतकी झाली होती. तिने आजूबाजूला पाहिलं, एक चपटा दगड उचलला आणि पायरीला लावून ठेवला. मग दुसरा.

"दगड नको रचूस," डेल्विन खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. दगड रचून नवशिके चढतात."

"तुझ्या बापाच्या वेळीही गाडी दगडांवरूनच चढायची."

"बाबा खुणा करायचे आणि तू चढायचीस. मी मागे बसलेला असायचो, पाहिलंय मी."

"तू झोपलेला असायचास. पहाटे उठून मी दगड रचायचे. तुझा बाप वर जाऊन हात हलवायचा." तिने तिसरा दगड पायाने ठोकून बसवला. "ऊन तोंडावर. मला त्याची नुसती टोपी दिसायची. चाळीस वर्षांत त्याची एक खूण दिसली असेल तर शपथ. पण त्याला आवडायचं हात हलवणं. हलवू दिला."

कोलोरॅडोचा एक पोरगेलासा माणूस पुढे आला. "काकू, मदत करू?"

"उचल तो मोठा. पाठीने नको, पायांनी उचल."

शॅलीनही आली. मीही दोन आणले. डेल्विन मात्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शेवटच्या दगडाला नेड्राने दोनदा लाथ मारून पाहिलं, आणि ती गाडीत चढली.

या वेळी तिने वर बघितलंच नाही. दार अर्धं उघडं धरून, खाली चाकाकडे बघत, गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकवली. दगड करकरले. खालून पत्रा घासल्याचा लांबलचक आवाज आला. मी डोळे मिटले. समोर नुसतं आकाश होतं आणि ते मला बघायचं नव्हतं. मग पाठ सरळ झाली. दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि आम्ही वर होतो.

खाली टाळ्या पडल्या. नेड्राने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारले. मी न पाहिल्यासारखं करून खिडकीबाहेर बघायला लागले.

डेल्विन धापा टाकत वर आला. "छान झालं," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पण पलीकडचा उतार याहून वाईट आहे. दमली असशील. तेवढा मी घेतो."

"दमलेच आहे."

"मग?"

"तुम्ही चौघं मागच्या सीटवर एकमेकांचे केस ओढत होता, एकाला गोवर, एकाची चड्डी ओली, तेव्हा मी डेन्व्हरपर्यंत गाडी नेली आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही दमलीस का."

तो दाराला धरून उभा राहिला. तिने मांडीखालून एक हात काढला, किल्ली फिरवली.

"हात काढ दारावरून, डेल्विन. आणि तुम्ही काही नवशिके नाही, तेव्हा खालचे दगड काढून जिथले तिथे टाका. रस्त्यात पडून राहिलेले चालत नाहीत."

खालून कोलोरॅडोवाला ओरडला, "काकू, राहू द्या ना! आम्हालाही लागतील!"

"तुमचे तुम्ही रचा!" ती ओरडली, आणि वायरलेसचा आवाज पुन्हा वाढवला. "पहिली गाडी निघतेय. मागच्यांनी अंतर ठेवा."

डेल्विनने हात काढला. आरशात मला तो जिना उतरताना दिसला. खाली पोचून तो वाकला आणि पहिला दगड उचलला, पाठीने. नेड्रानेही आरशात पाहिलं.

"पायांनी उचल म्हणावं त्याला," ती वायरलेसवर म्हणाली, आणि उताराला लागली.