लाइट आहे ना?

मी अठरा वर्षं कल्याणात बायकांना गाडी चालवायला शिकवते. क्लच, गिअर, शहाडच्या पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, असं सगळं. गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या जुन्या विद्यार्थिनी इलेक्ट्रिक गाड्या घ्यायला लागल्या आणि त्यांचे फोन वेगळ्याच कारणासाठी यायला लागले. गाडी चालवता येत होती, ती चार्ज कुठे करायची ते कळत नव्हतं. अ‍ॅपवर ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत हिरवे ठिपकेच ठिपके. प्रत्यक्ष जावं तर एका ठिकाणी चार्जरवर पोतं टाकलेलं, दुसरीकडे कुणाची डिझेलची गाडी आडवी लावलेली. ठाण्यातल्या एका मॉलच्या तिसऱ्या तळघरात चार्जर ठणठणीत, पण तिथे फोनला रेंज नाही, त्यामुळे तो सुरूच करता येत नाही.

म्हणून मी यादी केली. नियम एकच ठेवला: स्वतः जायचं, चार्जरच्या वायरची गन गाडीला लावायची, दहा मिनिटं थांबून टक्के चढताना डोळ्यांनी पाहायचे, मगच बरोबरची खूण. आठवड्यातून एक दुपार त्यात जायची. पेट्रोल पंपावर निदान दोन माणसं उभी असतात. चार्जरपाशी सहसा कुणीच नसतं. माणसाच्या उंचीचा एक खांब, छातीच्या जागी दिवा, आणि आजूबाजूला रिकामी फरशी. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

हा नियम मी एकदाच मोडला. टिटवाळ्याच्या पुढे एका नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटपाशी चार्जर दिसत होता. अ‍ॅपवर ‘उपलब्ध’, आणि खाली ‘शेवटचा वापर: आज सकाळी’. चार दिवस पाहिलं, रोज तेच. मुरबाडकडून येणाऱ्यांना मधे एकही जागा नव्हती, त्यामुळे ही नोंद मला हवीच होती. गेटवरच्या पाटीवरचा फोन नंबर एका विद्यार्थिनीने पाठवला. मी वॉचमनला फोन लावला.

“चार्जरला लाइट आहे ना?”

“हाय की.”

“नक्की? गाडी घेऊन बाई माणूस येईल लांबून.”

“म्होरंच हाय माझ्या. हिरवी लाइट हाय.”

‘हिरवी’ हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. आपण लाइट म्हणतो ती वीज. लाइट गेली, लाइट आली, लाइटचं बिल भरलं. तो लाइट म्हणत होता तो दिवा. दोघंही मराठीच बोलत होतो. मी खूण केली.

एप्रिलमध्ये एका सकाळी अकराच्या सुमाराला एका विद्यार्थिनीचा फोन आला. ठाण्यात राहते, गाडी घेऊन तिला दोन महिने झालेले. वडिलांना मुरबाडच्या पुढच्या गावाहून ठाण्याच्या हॉस्पिटलात आणत होती. वडिलांची फुप्फुसं गेलेली, नाकात नळी, ऑक्सिजनचं छोटं मशीन गाडीच्या सॉकेटला जोडलेलं. रात्रभर गावात वीज नव्हती म्हणून गाडी तिथे चार्ज झाली नाही. तरी ती निघाली, कारण यादीत टिटवाळा होतं.

“ताई, पंचवीस मिनिटं झाली, एक टक्का चढला नाही. उलट सहाचे दोन झालेत.”

“मग निघायचं ना अगं! सहा टक्क्यांत कल्याण गाठलं असतंस.”

“चार्जरमधली बाई थांबा म्हणतेय ना सारखी. कृपया थांबा, जोडणी होत आहे. मला वाटलं आत्ता होईल, आत्ता होईल. आणि आता गन सुटत नाहीये. ओढली, लॉक-अनलॉक केलं, सोडतच नाही. ताई, तुम्ही खूण केलेली.”

मी गाडीची किल्ली उचलली. “ऑक्सिजनच्या मशीनची स्वतःची बॅटरी किती?”

“कंपनी म्हणते पाऊण तास. जुनी झालीय, अर्धाच धरा.”

“गाडी बंद पडली की तिथून अर्धा तास. एसी आत्ता बंद कर, खिडक्या उघड. अँब्युलन्सला फोन कर, मीही निघतेय. दोघांतलं जे आधी पोचेल ते.”

अँब्युलन्सला तास लागेल असं तिला सांगितलं गेलं, हे मला मोहन्याच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीशेजारून जाताना कळलं. मी पुढे गेले.

कॉम्प्लेक्स रस्त्यापासून आत होतं. सात इमारती, रंगही दिलेला, पण एका गॅलरीत दोरी नाही की कपडा नाही. खिडक्यांच्या काचांवरचा निळा प्लास्टिकचा कागद कुणी काढलेला नव्हता. मुलांसाठी घसरगुंडी होती, तिच्या खाली कंबरेएवढं गवत. मी खिडकी खाली केली, तर गाडी दिसायच्या आधी आवाज आला. स्वच्छ, गोड, बँकेच्या फोनवर असतो तसा बाईचा आवाज. “कृपया थांबा. जोडणी होत आहे.” तो इमारतींवर आपटून परत येत होता, त्यामुळे दोघी बोलतायत असं वाटत होतं, एक जवळची आणि एक आत कुठेतरी. आणि दर खेपेला एक म्हातारा, दम लागलेला आवाज उत्तर देत होता, “थांबलोय, बाई. थांबलोय.”

मुलगी गाडीच्या दाराशी उभी होती. वॉचमन तिच्यामागे, हात पोटाशी धरून. गाडी बंद पडून पंधरा मिनिटं झाली होती. ऑक्सिजनचं मशीन टूं टूं करत होतं आणि वडिलांचे ओठ जांभळट झाले होते.

“पाय धरा,” मी वॉचमनला म्हटलं.

“मी लाइट बघितली होती मॅडम, आईच्यान...”

“पाय धरा आधी.”

तिघांनी मिळून त्यांना माझ्या गाडीत बसवलं. सॉकेटमध्ये वायर घातली, मशीन गुरगुरायला लागलं, टूं टूं थांबलं. मी गाडी वळवली. मागे बाई थांबा म्हणतच होती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वडिलांना थोडा श्वास पुरायला लागला. ते मला म्हणाले, “आतल्या बाईंना सांगितलंत का, आपण निघालो म्हणून?”

“अण्णा, आत कुणी नाही,” मुलगी म्हणाली. “चार्जर बोलत होता.”

“चार्जरची बाहेर होती. ती कळली मला. आतली निराळी.”

“भिंतीवरून आवाज परत येतो हो, काका,” मी म्हटलं.

त्यांनी नाकातली नळी नीट केली. “परत येणारा नंतर येतो ना? आतली आधी बोलायची.”

मी त्यांना गप्प बसून नाकाने श्वास घ्यायला सांगितलं आणि गाडी तिसाची चाळीसवर नेली. कल्याणच्या हॉस्पिटलात त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. बरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेकॅनिकला घेऊन गाडी सोडवायला गेले. बॉनेटखाली एक बारीक दोरी असते, ती ओढली की गन सुटते. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. आता सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते. मेकॅनिकने चार्जरचं मागचं झाकण उघडलं. बिल्डरची वीज कधीच तोडलेली होती. वॉचमनच्या केबिनवर एक छोटं सोलर पॅनल होतं, तेवढ्यावर दिवा जळत होता, चार्जर अ‍ॅपशी बोलत होता, आणि बाईही बोलत होती.

“मग रोज सकाळी वापर कसा दिसतो?” मी वॉचमनला विचारलं.

त्याने खांबावरच्या गनला हात लावला. वय साठीचं, साताऱ्याकडचा. “मी उचलतो ती गन. सकाळी उठलो की.”

“कशाला?”

“बोलती की ती, मॅडम. दिसभर हितं दुसरं कोन बोलत न्हाई.”

चार्जरच्या कंपनीचा फोन कुणी उचलत नव्हतं. म्हणून सोलरची वायर मीच काढली. दिवा विझला. मी मिनिटभर तिथे उभी राहिले, इमारतींकडे कान देऊन. काही आलं नाही. वॉचमन माझ्याकडे बघत नव्हता, तोही तिकडेच बघत होता.

तीन दिवसांनी अ‍ॅपवर पुन्हा ‘शेवटचा वापर: आज सकाळी’ दिसलं. त्याने वायर परत लावली असणार. मी भांडायला गेले नाही. यादीत लिहिलं: ‘टिटवाळ्याच्या पुढचं कॉम्प्लेक्स. अ‍ॅपवर उपलब्ध दिसतं, दिवा हिरवा असतो, वीज नाही. बाई थांबा म्हणाली तरी थांबू नका.’

मुरबाडकडून येणाऱ्यांची अडचण तशीच राहिली. म्हणून मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून चार्जिंगचा एक प्लग बसवून घेतला आणि यादीत टाकला. ती मुलगी महिन्यातून एकदा वडिलांना घेऊन येते. गाडी दोन-तीन तास खाली लागते, ते वर माझ्या बैठकीत बसतात, ऑक्सिजनचं मशीन भिंतीतल्या सॉकेटला. मुलगी खालून फोन करते, लागलं म्हणून. मी तोवर स्वयंपाकघरात चहाला लागलेली असते. ते बाहेरून विचारतात, “लागलं का?”

“लागलं,” मी आतून ओरडते.

मशीन गुरगुरत राहतं. मग ते विचारतात, “तुम्हीच बोललात ना?”

पहिल्यांदा मी आतूनच हो म्हटलं होतं, तर ते उठून उभे राहिले होते, नळी ताणली जाईपर्यंत. आता मी गॅस बारीक करते, बाहेर येते, त्यांच्या समोर उभी राहते, आणि मग हो म्हणते.