आठ दिवसांचा वायदा

दारव्ह्याजवळच्या तांड्यात सुखीबाईले सारे दगड म्हणत. तोंडावर म्हणत, अन् तिले त्याचं काही वाटत नसे. तांड्यातल्या बाया लय दिसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. कोण गेलं, कोणाले लेकरू झालं, सारं त्या रडण्यातच सांगून घेतात. सुखीबाई म्हणे, "बस. पाणी पे." झालं तिचं भेटणं.

हे तिले सातव्या वर्षी लागलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत मायबाप बैलांवर मीठ लादून निघाले अन् पोरीले मामाच्या तांड्यावर ठेवलं. बाप म्हणाला, "आठ दिवसांत येतो." त्याच्या पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटी चिरलेली होती, खणखण वाजायची सोडून खडखड वाजे. सुखी रोज वाटेवर बसून तो आवाज हुडके. दीड वर्षानं दारव्ह्याच्या बाजारात तो आवाज आला. ती धावली. बैल तोच होता. कासरा दुसऱ्याच माणसाच्या हातात होता. त्यानं बैल कुठंतरी हाटात घेतला होता, बाकी त्याले काही ठाऊक नव्हतं.

तिथून पुढं सुखीबाईनं कोणाची वाट पाह्यली नाही. लग्नात रडली नाही, नवरा मेला तेव्हा नाही, बाळंतपणात लेक गेली तेव्हाही नाही. लेकीची पोर गंगी मागं राह्यली, तिले आणून वाढवली.

एकसष्टच्या दिवाळीनंतर यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात बायांची भरती निघाली. चार महिने तिथंच राहायचं, लहान लेकरू संग चालत नव्हतं. घरात ज्वारी संपत आलती. सुखीबाईनं ठरवलं, गंगीले बाभुळगावकडच्या तांड्यात तिच्या मावशीकडे, रामीबाईकडे ठेवायचं. गंगीले तेव्हा सातवं लागलं होतं.

"नानी, तू न्यायले कधी येशीन?"

"आठ दिवसांत."

लेकराले असंच सांगतात. सुखीबाई पुढं चुलीकडे वळली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तांड्यात सिनेमा आला. दारव्ह्याच्या गुलाम नबीनं छकड्यातून मशीन आणली अन् दोन लिंबांच्या मधात पडदा बांधला. सिनेमा रशियाचा, तिथल्या एका जुन्या गोष्टीवरून काढलेला. बोलणं कोणालेच समजेना. गोष्ट एका कागदावर लिहून आलती, ती गुलाम नबी वाचून सांगे.

"ये बच्ची है. बाप तिले परक्या घरी ठेवून चालला."

"एवढे मोठे बूट काहून घातले तिनं?" तांड्याच्या नायकानं, नेमसिंगनं विचारलं.

"बर्फ आहे ना, नायकजी."

"घरात कुठं बर्फ आहे?"

"मले कागदावर जे आहे ते सांगू द्या."

पडद्यावर पोरगी उंबऱ्यावर बसली होती. बर्फावरून बिनचाकाच्या घोडागाड्या येत, घंट्या वाजत, पुढं निघून जात. मग दुरून एक घंटी वाजली अन् पोरगी उठून पळत सुटली.

"आला बाप," नेमसिंग म्हणाला. बायांनीही हुश्श केलं.

मागून सुखीबाई बोलली, "बाप नाही. घोडा तेवढा त्याचा आहे. इकला असन."

गुलाम नबीनं कागद उलटून पाह्यला. "मावशी, तू पहिले पाह्यला का हा सिनेमा? इथं हेच लिहिलं आहे."

लोक हसले. पडद्यावर गाडी हाकणारा परका माणूस होता, अन् पोरगी घोड्याच्या मानेले धरून उभी होती.

"नानी," गंगी तिच्या मांडीवरून म्हणाली, "तिच्या बापानं किती दिवस सांगतले होते?"



दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसल्यावर ती म्हणाली, "आयक. मी आठ दिवसांत येत नाही. होळीले येईन. रोज वाटेवर बसू नोको. होळीच्या आदल्या दिवशी बस."

गंगी बाभुळगावपर्यंत रडली. सुखीबाईनं रडू दिलं. रामीबाई तिच्यावर भडकली. "एवढंसं लेकरू. खोटं सांगतलं असतं तं गप तं राह्यलं असतं."

"आठ दिवस गप राह्यलं असतं," सुखीबाई म्हणाली.

होळी उद्यावर आली तेव्हा जिनात कापसाचे ढीग तसेच पडून होते. मुकादम म्हणाला, "होळी झाल्यावर जा, तवाच मजुरी भेटन."

"मजुरी असू द्या तुमच्याजवळ," ती म्हणाली अन् बोचकं उचललं. एस.टी. निघून गेलती. ती पायीच निघाली.

दिवस बुडता बुडता रामीबाईचा तांडा दिसला. गंगी वाटेवर होती. ती उठली, नानीच्या कमरेले मिठी मारली अन् मोठ्या बायांसारखी सुरात रडू लागली. चार महिन्यांत शिकली होती. मावशीची म्हैस व्याली, माझा दात पडला, असं एकेक सांगत सूर लांबवत होती.

"कोणता दात?" सुखीबाईनं विचारलं.

गंगी थांबली. "नानी, मधात बोलत नसतात. तुले पण रडा लागते."

"मले नाही येत."

"मंग उभी राह्य."

पाय ठणकत होते, तरी गंगीचं पुरं होईस्तोवर सुखीबाई उभी राह्यली.