सूर्यमाळचा चढ आणि आमची बिनपिकपची गाडी

नव्या गाडीला गोष्ट नसते. बसले, गेले, उतरले, झालं! गोष्टी साठतात त्या जुन्या गाडीच्या. आमच्या दारात तसली एक डिझेल गाडी उभी आहे. तिच्या गोष्टी माझ्याजवळ एवढ्या झाल्यात, की पाण्याला गेले तरी बायका हंडा खाली ठेवून म्हणतात, "सांग ना गं, काल काय केलं तुझ्या सवतीनं?"

आमचा पाडा खोडाळ्याच्या बाजूला. आमचे हे खोडाळा ते मोखाडा सीटा भरतात. गाडी आमच्या लग्नाच्या आधीची. सपाटीला बरी पळते, पण सूर्यमाळचा चढ लागला की तिचा जीवच जातो. पाय खालपर्यंत दाबा नाहीतर सोडा, तिला काही फरक नाही. घरघर करणार, गचके खाणार आणि मधेच थांबणार. ड्रायव्हर लोक याला म्हणतात, पिकप गेला.

बाकीच्यांना याचं हसू यायचं, मला मात्र घाम फुटायचा. कारण आमची जाई. आत्ता कुठं भिंत धरून पावलं टाकतेय. मागं एकदा तापात तिला झटका आला होता. तेव्हापासून मोखाड्याच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, "ताप वाढला की वाट बघायची नाही, सरळ घेऊन यायचं." सरळ म्हणजे सूर्यमाळ चढूनच! पाड्यावर रेंज नाही, म्हणून फोन करून कुणाला बोलवायची सोय नाही. तेव्हा गाडी चढली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

रोज संध्याकाळी हे घरी आले की मी पहिलं विचारायची, "आज चढली का?" एकदा ह्यांचंच अंग तापलेलं होतं. मी नेहमीसारखी आधी बॉनेटला हात लावून बघितला, मग जाईच्या कपाळाला. हे ओट्यावर गोधडी घेऊन बसले होते, म्हणाले, "माझा नंबर कधी लागणार?"

* * *

माझ्या नणंदेचे मालक भिवंडीला कंपनीत आहेत. ते आले की गाडीचं निदान करतात. म्हणाले, "वहिनी, ये टेक्निकल बात है. लोड टेस्ट घ्यायची. गाडी भरून चढायला लावायची. अडकली की एकेक माणूस उतरवत जायचं. ज्याच्या उतरण्यानं गाडी हलंल, तिथं आपल्याला दोष कळला!"

बाजाराच्या दिवशी गाडी गच्च भरली. चढाला अडकली. आधी एक जाडे पाव्हणे उतरवले. गाडी हलली नाही. तांदळाच्या गोणीसकट एक बाई उतरवली. तरी नाही. मग आमच्या पाड्यातले तात्या उतरले. तात्या म्हणजे काडी! उन्हात उभे राहिले तर सावली शोधावी लागते. ते उतरले आणि गाडी निघाली की सुसाट!

झालं! सगळ्या पाड्यात बोभाटा, दोष तात्यात हाय. लोक त्यांना गाडीत बसू देईनात. "तात्या, तुम्ही मागून या," म्हणायचे. तात्या चिडले. एक दिवस सकाळीच येऊन पुढच्या सीटवर बसले. "मला एकट्याला घाल वर!"

हे घेऊन गेले. नेमकी त्या दिवशी गाडी चढली, न थांबता.

तात्या वर जाऊन उतरले, धोतर झटकलं, खाली जमलेल्या लोकांकडं बघून ओरडले, "बघितलं का? दोष तुमच्या सगळ्यांत हाय!"

* * *

मग खोडाळ्याचे मिस्त्री आले. शहाणा माणूस. म्हणाले, "आधी धूर बघू. काळा आला तर एक रोग, पांढरा आला तर दुसरा, निळा आला तर मग राम राम."

रस्त्याच्या कडेला गाडी लावली. हे पुढं बसले, मिस्त्री मागं धूर बघायला उभे. तो दिवस कसला, तर राब भाजायचा! पावसाच्या आधी आम्ही शेतात पालापाचोळा, गवरी, गवत पसरून जाळतो आणि मग त्याच जागी नागलीचं, भाताचं बी टाकतो. त्या दिवशी रस्त्याच्या खालच्या अंगाला आमच्या शेजाऱ्यांनी राब पेटवला होता. ते मिस्त्रींना दिसत नव्हतं, मधे करवंदीची जाळी.

मिस्त्री मागून ओरडायला लागले, "दाब! हां, काळा आला! लई काळा! अरे, आता पांढरा पण! थांब, निळा पण हाय रे!" खोकून खोकून त्यांचे डोळे लाल. "पंप गेला, नोझल गेले, इंजन बसलं! बंद कर गाडी! बंद कर म्हणतो ना!"

हे खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "मिस्त्री, अजून चावी माझ्या खिशातच हाय!"

* * *

मिस्त्रींनी दुसऱ्या खेपेला सांगितलं, धूळ बसून हिचा एअर फिल्टर चोंदलाय, गाडीला श्वास घेता येत नाही. फिल्टर काढून झटकला, परत बसवला आणि गेले.

हे माझ्या सासूबाईंनी ऐकलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. श्वास चोंदला म्हटल्यावर आत्याबाईंना औषध माहीत. जाईचं नाक बंद झालं की त्या ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात आणि ती पुरचुंडी तिच्या छातीशी ठेवतात. तशीच एक मोठी पुरचुंडी करून त्यांनी गुपचूप गाडीच्या हवा घ्यायच्या नळीच्या तोंडात कोंबली. वर हळद पण लावली.

त्या दिवशी गाडी सपाटीला पण चालेना. श्वास होता तो पण बंद! खोडाळ्याच्या स्टँडवर रखडत पोचली, तर माणसं नाक वर करून इकडंतिकडं बघतायत. एकजण गाडीजवळ येऊन म्हणाला, "दोन प्लेट भजी दे. गरम हायत ना?"

ह्यांनी बॉनेट उघडलं, पुरचुंडी सापडली. घरी येऊन आत्याबाईंच्या समोर ठेवली. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "मग! एका दिवसात काय गुण येतो व्हय?"

* * *

शेवटी भाऊजी, म्हणजे तेच भिवंडीवाले, म्हणाले, जव्हारला एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर आणलाय. वायर जोडली की गाडीचा सगळा आजार स्क्रीनवर येतो. हे गाडी घेऊन गेले. मी देवापुढं दिवा लावून बसले.

गॅरेजवाल्यानं वायर घेऊन गाडीला दोन फेऱ्या मारल्या. स्टेअरिंगखाली बघितलं, सीटखाली बघितलं. वायर लावायला जागाच नाही! म्हणाला, "दादा, हिच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. हिच्यात मला काहीच दिसणार नाही."

हे परत आले. मी धावतच विचारलं, "रिपोर्टमध्ये काय आलं?"

"काहीच नाही आलं."

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या पाड्यात गूळ वाटला!

* * *

आता माझी पण एक सांगते. माझ्या जिवाला चैन नव्हती. मी ह्यांना म्हटलं, "आपण एकदा करून बघू या. पोरीला ताप आलाय असं समजायचं आणि निघायचं. कळेल तरी, वेळेला पोचू की नाही." हे म्हणाले, "पोरीला कशाला उन्हात फिरवायची?" म्हणून जाईला आत्याबाईंकडं ठेवली. तिच्या वजनाचा एक भोपळा काढला, तिच्याच दुपट्यात गुंडाळला, टोपरं घातलं आणि मांडीवर घेऊन बसले. तोंडावर पदर, नाहीतर ऊन लागायचं!

गाडी नेहमीच्या जागी अडकली. मला खरंच रडू फुटलं. तेवढ्यात वरून मोळी घेऊन एक ओळखीची म्हातारी आली. मला रडताना बघून तिनं मोळी टाकली. "काय झालं गं पोरीला? बघू!"

मी नको नको म्हणतेय तोवर तिनं टोपरं बाजूला केलं. बराच वेळ बघत राहिली. मग परत नीट झाकलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बापावर गेलंय. पण होतं चांगलं मोठेपणी!"

* * *

आणि मग ते खरंच झालं. सकाळी जाईच्या अंगाला हात लावला तर चटका! औषध पाजलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ताप उतरेना. डोळे अर्धे मिटलेले. हे तोंड न धुता गाडीत बसले, मी पोरीला घेऊन पुढं.

चढाला गाडी अडकली. तीच जागा. ह्यांनी तीनदा चालू केली, तीनदा बंद पडली. मग म्हणाले, "खाली नेतो, दुसऱ्या कुणाची गाडी बघतो." रस्ता रुंद होता तिथं हातानं ढकलत, घसरवत कशीबशी वळवली. आता गाडीचं तोंड खोडाळ्याकडं. ह्यांनी परत चालू केली.

मी ओरडले, "खाली कुठं? दवाखाना वर आहे!"

मी असं ओरडले की ह्यांच्या हातून रिव्हर्स पडला आणि पाय जोरात दाबला गेला. आणि काय सांगू, रिव्हर्सला जोर जास्त म्हणतात ते खरं, गाडी उलटी वर निघाली! गचका नाही, घरघर नाही. हे मान खिडकीबाहेर काढून मागं बघतायत. "ओढतेय गं! ओढतेय!" समोर काचेतून खोडाळा लांब लांब चाललेला, आणि आम्ही पाठमोरे सूर्यमाळला!

अर्ध्या चढावर वरून एसटी आली. तिच्या ड्रायव्हरला आमच्या गाडीची पाठ दिसली. त्याला वाटलं, पुढं एक गाडी खाली चाललीय. तो निवांत मागं येत राहिला. पण अंतर काही वाढेना, उलट कमी व्हायला लागलं! त्यानं हॉर्न दिला. ह्यांनी पण दिला. त्यानं ब्रेक मारला. आम्ही येतच राहिलो. ह्यांना थांबायची भीती, थांबली तर परत उठणार नाही.

मग एसटीवाल्यानं पण रिव्हर्स टाकला. पुढं उलटी एसटी, मागं उलटे आम्ही. कंडक्टर मागच्या काचेतून शिट्टी मारतोय, खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर! चढ संपेस्तोवर असंच.

वर पोचल्यावर ड्रायव्हर तरातरा खाली उतरला. "अरे ए, तुला जायचंय का यायचंय?"

ह्यांची मान तिरकीच राहिलेली. मी जाईवरचा पदर बाजूला केला, म्हटलं, "दादा, पोर तापलीय. मोखाड्याला दवाखान्यात."

त्यानं जाईकडं बघितलं. आमच्या गाडीच्या तोंडाकडं बघितलं, ते खोडाळ्याकडं. मग एसटी बाजूला घेतली.

सपाटीला गाडी सरळ वळवली, वेळेत पोचलो. झटका आला नाही. डॉक्टरांनी दुपारपर्यंत ठेवून घेतलं, ताप उतरला, पोरीनं पेज खाल्ली, मग सोडलं.

परत येताना उतार, म्हणून गाडी सरळ. त्याच चढावर समोरून तीच एसटी वर येत होती. ड्रायव्हरनं लांबूनच आम्हाला ओळखलं. एसटी डोंगराला चिकटवून उभी केली, इंजन बंद केलं आणि सगळ्या पॅसेंजरांना खाली उतरवून कडेला ओळीनं उभं केलं.

जवळ आल्यावर त्यानं हात केला. "आता नक्की कुठं?"

हे म्हणाले, "घरी."

तरी त्यानं एकालाही आत चढू दिलं नाही. आम्ही वळणाआड जाईपर्यंत ती सगळी एसटी रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती, आणि आमची जाई खिडकीतून एकेकाला टाटा करत होती!