मठात नेणारी बहीण

तेव्हा मी टीव्हीवरच्या एका गुन्हेमालिकेसाठी लिहीत होतो. एका भोंदूबाबाची खरी हकिकत ऐकायला धुळ्याहून एसटीने एरंडोलला निघालो होतो. शेजारच्या सीटवरच्या अक्का शेंगा सोलत न विचारताच माझ्या हातावर दाणे ठेवत होत्या. मी माझं काम सांगितलं आणि त्यांचे हात थांबले.

"आशाच एक बाबाना मठमा मन्ही धाकली बहीण गयी," त्या म्हणाल्या. "तिले तठे मीच लई गयथू. तुम्ही बाबालेच दाखाडतस. मले कोन दाखाडी?"

 पुढे त्या भोंदूबाबाचा भाग मी धाकटीचा हात धरून मठाची पायरी चढणाऱ्या मोठ्या बहिणीपासून सुरू केला. अक्कांनी तो पाहिला का, कोण जाणे. मालिका कधीच बंद झाली. मी लिहिलेलं तेवढं एकच दृश्य मला अजून आठवतं.