मोहितेताईंनी धरलेला दोर

मोहितेताई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. मी पहिल्यांदा क्लबात गेलो तेव्हा त्यांनी माझे पाय न्याहाळले आणि म्हणाल्या, "अनवाणी फिरलेला पाय आहे. चढशील तू. चाल, कमरेला पट्टा बांध." अनवाणी फिरल्याचं कौतुक माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

मी तळोद्याचा, घरातला पहिला पदवीधर. बडोद्यात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, वासणा भागात खोली घेतली आणि ऑफिसातल्या एकाबरोबर कडे चढायला शिकवणाऱ्या या क्लबात आलो. ताई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मांजलपूरहून स्कूटरवर येत, ओढणी कमरेला बांधून कड्याखाली उभ्या राहत आणि चढणाऱ्याच्या कमरेपासून वरच्या कडीतून खाली येणारा दोर धरत. वीस वर्षं हेच. "आमच्या पणजोबांनी बडोदा सरकारची बंदूक धरली, मी दोर धरते," म्हणायच्या. "नियम एकच, हातातलं सोडायचं नाही." कुणी घाई केली की खालून अर्ध्या गुजरातीत हाक यायची, "शांतीने, दीकरा! वर कोणी आरतीचं ताट घेऊन उभं नाही." पहिला महिनाभर मी अर्ध्यावरच अडकायचो. त्या दोर किंचित ताणून धरत; मी आहे, एवढंच सांगायला.

त्यांच्या वयाबद्दल कुजबुज सुरू झाली होती. ताईंनी आता नावं लिहून घ्यायचं काम करावं, असं नवी मंडळी म्हणत. ताईंच्या कानावर ते होतं. त्या फक्त पहाटे सगळ्यांच्या आधी पोचत.

वर्षभराने मी चढाईचे खास बूट मागवले, एक नंबर मोठे. आमच्याकडे बूट तसेच घेतात. आई पुढे कापसाचा बोळा घालून द्यायची. घरी व्हिडिओ कॉलवर दाखवले, ऑफिसात दाखवले. मग ताईंचं बोलणं कानावर पडलं, त्या एका मुलीला सांगत होत्या, "हे बूट तंग पाहिजेत. मोजे नकोत, बोटं थोडी वाकली पाहिजेत. नवा बूट आधी हातभर उंचीवर अजमावायचा, मग कड्यावर." माझे बूट पायात खुळखुळत होते. 'एवढंही कळत नाही गावाकडच्याला' असं कुणी म्हणेल, या भीतीने मी बदलूनही घेतले नाहीत. मोज्यांचे बोळे करून पुढे कोंबले.

रविवारी पावागडच्या बाजूच्या एका कड्यावर गेलो. ताईंनी वाकून माझ्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. ते भरलेलं लागलं.

"टाइट छे ने?"

"हो ताई. दुखतायत बोटं."

"मग बरोबर. पण आधी त्या खालच्या दगडावर चढून बघ."

"काल बघितलं, ताई." हेही खोटंच होतं.

तीन माणसं उंचीवर बोटभर खाचेत मी डावा पाय टेकवला. बूट खाचेतच राहिला, पाय आत फिरला आणि बाहेर आला. मी बाजूला झोका खाऊन कड्यावर आदळलो, हनुवटी फुटली. माझ्या वजनाने ताई पुढे खेचल्या गेल्या आणि त्यांचं मनगट खडकावर आपटलं. तरी दोर सुटला नाही. तसाच धरून त्यांनी मला सावकाश खाली आणलं.

सगळे धावत आले. "काय झालं? काय झालं?"

"दोर ढिला होता," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग खाचेतून निसटून खाली पडलेला बूट उचलून पाठमोऱ्या झाल्या, आणि जरा वेळाने तो माझ्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात क्लबाने त्यांना गोड शब्दांत सांगितलं, "ताई, आता आराम करा." नावं लिहायला त्या आल्या नाहीत. नवं माणूस दोर धरू लागलं आणि मी चढत राहिलो.

आठ महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी मी मांजलपूरला त्यांच्या घरी गेलो. चहा पुढे आला, तो मी बाजूला ठेवला. "ताई, दोर ढिला नव्हता," मी म्हणालो. "बूट मोठा होता."

"माहीत आहे." त्या आत गेल्या आणि धुऊन घडी केलेला एक मोजा आणून माझ्यापुढे ठेवला. "बुटातून मीच काढला. पोरं हसली असती तुला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले." मग त्यांनी विचारलं, "क्लबात सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला..."

"मला काय सांगतोस? मी तर तिथेच होते."

त्या रविवारी सगळे गोल बसलेले असताना मी उभा राहिलो आणि बोळ्यासकट सगळं सांगितलं. सगळे खो-खो हसले. कुणी पाठीवर थाप मारली, "अरे, मोजे कोंबले? हशे, चाल्या करे! होतं असं!" दोन मिनिटांत पुन्हा नाश्त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मी बाजूला जाऊन ताईंना फोन लावला.

"सांगितलं, ताई."

"काय म्हणाले?"

"हसले."

"एवढंच होतं, नाही?" त्या म्हणाल्या.

क्लबाने त्यांना परत बोलावलं. मनगट आता पूर्वीसारखं वळत नाही, एवढंच त्यांनी कळवलं.