जात्यावरची दुसरी बाई

मंडळी, सकाळी नातीने फोनवर चित्रातून म्हण ओळखायला दिली. आंधळी बाई दळतेय, कुत्रं पीठ खातंय. मी लगेच ओळखली.

स्वातंत्र्याच्या आधी मुरबाडजवळच्या आमच्या शाळेत गुरुजींनी हेच चित्र कोळशाने भिंतीवर काढलं होतं. आम्ही पोरं म्हण ओरडून खूप हसलो.

तिथून जाणारी माझी आई थांबली. "गुरुजी, हिला येकटीला का बसवली? जात्यावर दोघी बसतात. समोर कोनी कसा नाय?"

घरी आंधळी आत्या दळायची, तेव्हा आई रोज तिच्यासमोर बसायची. एका खुंट्याला दोघींचे हात.

गुरुजींनी कुत्रं पुसून तिथे दुसरी बाई काढली.

जन्मभर मी ही म्हण लोकांना ऐकवली. पण कुणाच्या समोर कितीदा बसलो? तुम्ही?