सासूबाईंचं अजून ठरलेलं नाही

२००४च्या ऑक्टोबरात आमच्या अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घरी निवडणुकीची एक कार्यकर्ती क्लिपबोर्ड घेऊन तीनदा आली. सासूबाईंनी तिन्ही वेळा तिला "अनडिसायडेड" असं सांगितलं, आत बोलावलं आणि चहा-चिवडा दिला. खरं तर सासूबाईंना इथं मत द्यायचा हक्कच नव्हता. तिसऱ्या खेपेला मी वैतागून ते सांगून टाकलं. बिचारीनं चहा संपवला आणि गेली, ती पुन्हा आली नाही.

ही सवय ब्रिटनमधल्या लेस्टरची. सासू-सासऱ्यांनी तिथं तीस वर्षं काढली, दोघंही ब्रिटिश नागरिक झाले आणि सासरे निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. सासरे बस डेपोत होते, युनियनचे पक्के. मत कायम तिथल्या कामगारांच्या लाल पक्षाला, खिडकीत पोस्टरही लाल. आणि त्याच घराच्या दारात उभ्या राहून सासूबाई लाल, निळ्या, पिवळ्या, सगळ्या पक्षांच्या माणसांना सांगायच्या, "अजून ठरलं नाही." सासरे त्यांना घरभेदी म्हणत. म्हणताना हसत असले, तरी बायकोचं ते "ठरलं नाही" सासऱ्यांना लागलेलं होतं.

पुढच्या वसंतात ब्रिटनमध्ये निवडणूक लागली आणि दोघांच्या पोस्टल मतपत्रिका आल्या. सासरे एरवी त्याच मिनिटाला लाल उमेदवारापुढे फुली मारून मोकळे झाले असते. या वेळी पाकिटं चार दिवस फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकली. लाल पक्षाच्या सरकारनं इराकमध्ये फौज पाठवली होती, त्यावरून सासरे रोज टीव्हीशी भांडत. पण दुसऱ्या कोणापुढे फुली मारायची म्हटली, की हात उचलत नव्हता.

मतपत्रिकेसोबतच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही लागायची, ती मी करणार होते. शनिवारी आयसेलिनच्या देशी दुकानांतली खरेदी कॅन्सल करून मी पेन घेऊन बसले. "बाबा, आज पोस्टात पडलं नाही तर वेळेत पोचणार नाही," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

ते वळले आणि टेबलापाशी मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "एवढी वर्षं तू कोणाला देत होतीस, ते तरी सांग आता."

"लाललाच. दर वेळी."

"मग दारात काय सांगायचीस?"

"ठरलंय म्हटलं, की ते लोक लगेच पुढच्या दारी जायचे. नाही ठरलं म्हटलं, की थांबायचे. शाळेचं, दवाखान्याचं, तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारायचे. तुम्ही डेपोत, पोरगा शाळेत. मला तेवढंच कोणी काही विचारायचं."

आवाजात तक्रार नव्हती. मेथी निवडणं चालूच होतं. मला मात्र ती क्लिपबोर्डवाली आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

सासऱ्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग आपली खुर्ची सासूबाईंच्या शेजारी ओढली आणि आयुष्यात कधी न केलेलं काम केलं, मेथीची एक जुडी हातात घेतली.

"यंदा काय करावं गं? तुला काय वाटतं?"

सासूबाईंनी मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसले. "चहा ठेव," मला म्हणाल्या, "आणि जरा बाहेर जाऊन बस. मत गुप्त असतं."

दोघांपुढे चहा ठेवून मी घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसले. काचेच्या दारातून दिसत होतं, सासूबाई हातवारे करून बोलत होत्या आणि सासरे ऐकत होते. चहा निवला तरी दोघांना त्याचं भान नव्हतं. इतकं छान वाटत होतं ते बघताना, की पोस्टाची घाई मीही विसरले. तासाभरानं हाक आली. मतपत्रिका पाकिटांत बंद झाल्या होत्या. फॉर्मवर दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, खाली मी केली, आणि पोस्ट बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो.

कोणाला मत दिलं ते दोघांनी आजवर सांगितलेलं नाही. पण त्यानंतर संध्याकाळी भाजी कोणती करायची, हेही सासरे त्यांना विचारू लागले. त्या म्हणायच्या, "अजून ठरलं नाही."

आणि सासरे तिथंच थांबायचे.